चाई, तिचें औषध आणि घरचा हिशेब

माझी धाकटी बहीण पैठणला दिली आहे. २०२५ सालीं, नाथषष्ठीच्या यात्रेपूर्वींच्या आठवड्यांत, ती मुलीची वेणी घालावयास बसली असतां तिची फणी मध्येंच थांबली. उजव्या कानाच्या वर रुपयाएवढी एक जागा अगदीं गुळगुळीत होती. पुरळ नाहीं, कोंडा नाहीं, खाज नाहीं. त्या जागेवर केस लावावयास ब्रह्मदेव विसरला असावा असें वाटावें. मुलगी १६ वर्षांची, अकरावींत शिकणारी. चार दिवसांनीं मानेच्या जरा वर दुसरी जागा सांपडली. घरांतल्या वडील माणसांना निदान करावयास वेळ लागला नाहीं : चाई पडली.

मी त्या मुलीचा मामा. मेव्हण्यांनीं मला निरोप पाठविला तो औषध विचारण्यासाठीं नव्हे, हिशेब विचारण्यासाठीं. मुलीच्या पुढील शिक्षणाकरितां त्यांनीं बँकेंत एक मुदतठेव ठेवली आहे. ती मोडावी कीं नाहीं, असा त्यांचा प्रश्न होता. माझें आजचें बोलणें त्या एका प्रश्नाभोवतीं आहे. मी वैद्य नाहीं आणि डॉक्टरही नाहीं. तज्ज्ञांना विचारून, चार ठिकाणीं वाचून, आणि त्या घरांत दोन महिने येऊन-जाऊन जें मला समजलें तेवढेंच सांगणार आहें.

प्रश्न पैशांचा असला तरी प्रथम घरांत पैशांविषयीं कोणी बोलतच नव्हतें. बहिणीच्या सासूबाई देवघरापुढें बसून डोळे पुशीत होत्या. "पोरीचें डोकें असें दिसावें, एवढें पाहावयाचें राहिलें होतें!" असें त्या म्हणाल्या. त्या वाक्याचा अर्थ मला जरा उशिरानें उमगला. आपल्या समाजांतील पुष्कळ घरांत स्त्रीच्या केशरहित मस्तकाला पिढ्यान् पिढ्या एकच अर्थ होता. विधवेच्या केशवपनाची रूढि इतकी खोल रुजली होती कीं, १८९० सालीं मुंबईंतल्या नाभिकांनीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें, विधवांच्या डोक्यास वस्तरा लावावयाचा नाहीं म्हणून संप केला. ती रूढि गेली. परंतु सासूबाईंनीं लहानपणीं लाल अलवणांतील एखादी आत्या पाहिलेली असणार, आणि डोळ्यांनीं एकदां पाहिलेलें सहसा पुसलें जात नाहीं. पुरुषाला टक्कल पडलें तर लोक थट्टा करतात, फार तर पैसा मिळणार म्हणून भविष्य सांगतात. मुलीला चाई पडली तर तिच्या लग्नाचा विषय काढतात. अशा वेळीं "खात्रीनें केस आणून देतों" असें जो म्हणेल त्याच्यापुढें माणूस ठेव मोडून पैसे ठेवावयास तयार होतो. ही भीति हिशेबांत प्रथम मांडली पाहिजे, कारण औषध विकणाऱ्यांनीं ती आपल्या हिशेबांत केव्हांच मांडलेली असते.

औषधें सुचविणारांची वाण नव्हती. एका शेजारणीनें लसूण चोळावयास सांगितली, दुसरीनें कांद्याचा रस, तिसरीनें गुंजा उगाळून लावण्याचा सल्ला दिला, आणि कोणी जमालगोट्याचेंही नांव काढलें. आयुर्वेदांत या विकारास इंद्रलुप्त म्हणतात व त्यावर गुंजेचा लेप सांगितलेला आहे, हें खरें. या सर्व उपायांत एक समान धागा आहे : त्या जागेची आग व्हावी. मौज अशी कीं, आधुनिक त्वचारोगतज्ज्ञसुद्धां एका उपचारांत मुद्दाम त्वचेला खाज आणतात. त्याविषयीं पुढें सांगेन. परंतु मात्रा मोजून आणलेली खाज निराळी आणि जमालगोट्यानें भाजलेलें डोकें निराळें. भाजून व्रण पडला तर त्या जागेचें केसाचें मूळच नष्ट होतें, आणि जो केस परत आला असता तो कायमचा जातो. गुंज तर उघड विषारी बी आहे. माझ्या बहिणीनें कांद्याचा रस निवडला. आठ दिवसांनीं मुलीनें वासाला कंटाळून तो बंद केला. त्यांत खर्च झाला तो एक किलो कांद्याचा.

खरा खर्च पुढें उभा राहिला. मेव्हण्यांच्या मोबाइलवर एक जाहिरात आली आणि ते मुलीला घेऊन शहरांतील एका झगमगीत दवाखान्यांत गेले. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं; अशीं ठिकाणें पुष्कळ आहेत. ज्या बाईंनीं डोकें तपासलें त्यांच्या अंगावर पांढरा कोट होता, पण त्या डॉक्टर नव्हत्या, सल्लागार होत्या. त्यांनीं पडद्यावर मुलीचें डोकें मोठें करून दाखविलें, "मुळें मरत चाललीं आहेत" असें सांगितलें, आणि १० भेटींचें ८५,००० रुपयांचें पॅकेज लिहून दिलें. आजच पैसे भरल्यास १५,००० ची सूट. न भरल्यास हप्त्यांची सोय. मेव्हण्यांचें वह्या-पुस्तकांचें दुकान आहे. ८५,००० हा आंकडा त्यांना लहान नाहीं.

तो कागद मीं उलटसुलट करून पाहिला. त्यावर किंमत होती, हप्ते होते, सही करण्याची जागा होती. रोगाचें नांव मात्र कोठेंच नव्हतें. शिंपीसुद्धां माप घेतल्यावांचून शिलाई सांगत नाहीं. येथें रोग कोणता हें न लिहितां त्याच्या उपायाची किंमत लिहिली होती. खालीं बारीक अक्षरांत "परिणाम व्यक्तिपरत्वें बदलतात" असेंही छापलें होतें. तोंडीं खात्री आणि लेखी बेखात्री, अशी ती वाटणी होती. पुष्कळांना ठाऊक नसतें, पण आपल्या देशाच्या १९४५ च्या औषध-नियमांत 'जे' नांवाचें एक परिशिष्ट आहे. जे रोग बरे करतों असा दावा कोणत्याही औषधाच्या नांवानें करतां येत नाहीं, त्यांची ती यादी आहे, आणि तींत टक्कल व नवे केस उगवणें या दोन्हींचा उल्लेख आहे. हें परिशिष्ट माहीत असलेला माणूस जाहिरात जरा निराळ्या डोळ्यांनीं वाचतो.

आतां रोगाच्या नांवावर इतका भर कां, तें सांगतों. डोक्यावर सुमारें १ लाख केस असतात. एकेक केस दोन ते सहा वर्षें वाढतो, मग दोन-तीन महिने विसांवा घेऊन गळतो, आणि त्याच मुळांतून नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गळणें हा रोग नव्हे, तो व्यवहार आहे. टायफॉईड, डेंग्यू, कोरोना यांसारखा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनीं केस मुठीनें गळूं लागतात; तो प्रकार बहुधा आपला आपण थांबतो, आणि त्या वेळीं जें तेल चालूं असेल त्याला श्रेय मिळतें. पुरुषांचें कपाळाकडून मागें सरणारें टक्कल आनुवंशिक असतें. त्यावर लावावयाचें मिनॉक्सिडिल मूळचें रक्तदाबाचें औषध. तें घेणाऱ्या रोग्यांच्या अंगावर केस वाढूं लागल्यावर तें डोक्याला लावून पाहण्याची कल्पना निघाली. तें लावीत राहावें तोंवर गुण देतें. लहान मुलांच्या डोक्यांत नायटा होतो, तेथेंही केस जाऊन गोल जागा पडते. परंतु तिला खवले असतात, ती संसर्गजन्य असते, आणि तिला बुरशीविरुद्ध पोटांतून औषध द्यावें लागतें. तिच्यावर चाई समजून स्टेरॉईडचें मलम चोळलें तर नायटा पसरतो. डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या या गोष्टी. उपाय मात्र एकमेकांस मारक.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत नुकतें घडलें. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या जानेवारींत बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव तालुक्यांत बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवांत लोकांचे केस एकाएकीं गळूं लागले. डोकें खाजावें, दुसऱ्या दिवशीं केस ओढतांच हातांत यावेत, आणि चार दिवसांत टक्कल पडावें, असा प्रकार. पहिला संशय शांपूवर गेला, मग पाण्यावर, मग बुरशीवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचीं पथकें आलीं, नमुने गेले. विंचूदंशावरील संशोधनामुळें सर्वांना परिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हेही स्वतः तेथें गेले, आणि रोग्यांच्या रक्तांत, लघवींत व केसांत सेलेनियम नांवाचें द्रव्य फार वाढलें असल्याचें त्यांनीं सांगितलें. त्यांच्या मतें तें रेशनवर आलेल्या गव्हांतून आलें, व तो गहू पंजाबकडचा होता. शिवालिकच्या पायथ्याच्या कांहीं जमिनींत सेलेनियम अधिक असतें, हें शेतकीशास्त्राला पूर्वींपासून ठाऊक आहे. पुष्कळांचे केस पुढील आठवड्यांत परत येऊं लागले. त्या गांवांत जर कोणी पॅकेज विकावयास बसला असता, तर तें शंभर टक्के यशस्वी ठरलें असतें! वास्तविक तेथें औषध होतें तें एवढेंच, कीं पोळी कशाची खातों तें पाहावें.

ही बातमी ताजी असल्यामुळें पैठणांतही सासूबाईंनीं रेशनचे गहू बाजूला काढून ठेवले होते. त्यांचें तर्कशास्त्र चुकीचें नव्हतें, फक्त लागू नव्हतें. तेच गहू घरांतील सहाजणांच्या पोटांत जात होते आणि चाई एकटीलाच पडली होती.

शेवटीं आम्ही त्वचारोगतज्ज्ञाकडे जावयाचें ठरविलें. पैठणपासून सुमारें ५० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर आहे, आणि तेथें १९५६ सालीं सुरूं झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचें रुग्णालय आहे, ज्याला सबंध मराठवाडा 'घाटी' म्हणून ओळखतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार विनामूल्य झाले आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांचीं रुग्णालयें त्या निर्णयांत येत नाहींत, तरी तेथील शुल्क खासगीच्या मानानें नाममात्र असतें. मध्यमवर्गीय घरांना सरकारी दवाखान्याची रांग अपमानाची वाटते, हा आपला एक महागडा समज आहे. रांग दीड तासाची होती, हें मी लपवीत नाहीं. आम्ही गेलों त्या शासकीय विभागांतील डॉक्टरीणबाईंनीं मात्र पांच मिनिटांत जें केलें तें पॅकेजवाल्या ठिकाणीं तासाभरांत झालें नव्हतें. त्यांनीं भिंगानें जागेच्या कडा पाहिल्या. तेथें कांहीं आंखूड केस होते, टोंकाशीं जाड आणि मुळाशीं निमुळते, अगदीं उद्गारचिन्हासारखे; ती या रोगाची खूण. मग नखें पाहिलीं, त्यांवर टांचणीनें टोंचल्यासारखे खड्डे आहेत का म्हणून. घरांत कोणास थायरॉईड, दमा, कोड आहे का तें विचारलें. आणि केसपेपराच्या पहिल्याच ओळींत रोगाचें नांव लिहिलें : ॲलोपेशिया एरियाटा.

या रोगांत काय होतें तें त्यांनीं सांगितलें तसें सांगतों. रोगजंतूंशीं लढावयासाठीं आपल्या रक्तांत ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांपैकीं कांहीं चुकून केसाच्या मुळालाच शत्रु समजतात व त्याच्याभोवतीं वेढा घालतात. केस गळतो, पण मूळ मरत नाहीं, झोंपतें. "मुळें मरत चाललीं आहेत" हें वाक्य येथें सपशेल खोटें ठरतें. वेढा उठला कीं मूळ पुनः जागें होतें, दहा वर्षांनींसुद्धां. हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं. एकच फणी वापरल्यानें पसरत नाहीं. अस्वच्छतेनें, पाप केल्यानें किंवा अभ्यास फार केल्यानेंही होत नाहीं. शंभरांत साधारण दोघांना आयुष्यांत केव्हांतरी तो होतो. एक-दोनच चाई असलेल्या रोग्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांचे केस वर्षभरांत कांहींही न करतां परत येतात. परंतु पुनः केव्हांतरी चाई पडण्याचा संभवही पुष्कळ. ज्यांना लहान वयांत होतो, ज्यांच्या नखांवर खूण असते, किंवा ज्यांचा पट्टा मानेवरून कानाकडे सापासारखा पसरतो, त्यांचा रोग हट्टी. थोड्यांचे सगळें डोकें जातें, त्याहून थोड्यांच्या भुंवया-पापण्याही.

श्रोतेहो, हा निम्म्याचा आंकडा मनांत पक्का धरावा, कारण सारा हिशेब त्यावर फिरतो. निम्मे लोक आपोआप बरे होणार असतील, तर शंभर माणसांच्या डोक्याला साधें खोबरेल लावणारा मनुष्यही पन्नास प्रशस्तिपत्रें गोळा करूं शकतो. उरलेले पन्नास पत्र लिहीत नाहींत. "अमक्याच्या मुलीला गुण आला" ही साक्ष खोटी नसते. ती फक्त निरुपयोगी असते.

मग उपाय नाहींतच काय? आहेत. लहानशा चाईवर सर्वांत रुळलेला उपाय म्हणजे ट्रायमसिनोलोन नांवाच्या स्टेरॉईडचे थेंब बारीक सुईनें त्या जागेंतच टोंचणें, दर चार ते सहा आठवड्यांनीं. औषध जुनें, अनेक कंपन्यांचें व स्वस्त. टोंचतांना दुखतें, आणि कधीं कधीं त्या जागीं त्वचेला खळगा पडतो, तो बहुधा भरून येतो. सुईला भिणाऱ्यांस मलम. चाई मोठी असेल तर मघां म्हटलेला खाजेचा उपचार : डायफेन्सिप्रोन नांवाचें द्रव्य दर आठवड्याला मोजक्या मात्रेंत लावून मुद्दाम ॲलर्जी आणावयाची, म्हणजे मुळाभोंवतीं बसलेल्या पेशींचें लक्ष तिकडे जातें. लसणीची आणि या औषधाची कल्पना दूरच्या नात्यांतली आहे म्हणाना. पण तें दर आठवड्याचें काम, आणि महिनोन् महिने. केस महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. म्हणून कोणत्याही उपायाला तीन-चार महिन्यांच्या आंत यश किंवा अपयश चिकटवूं नये.

सगळें डोकें गेलेल्यांसाठीं अलीकडे नव्या गोळ्या निघाल्या आहेत. पांढऱ्या पेशींना हल्ल्याची आज्ञा पोंचविणारा जो आंतला निरोप्या, त्यालाच त्या अडवितात. त्यांतील बॅरिसिटिनिबला अमेरिकेंत जून २०२२ मध्यें प्रौढांच्या तीव्र रोगासाठीं मान्यता मिळाली. १२ वर्षांवरील मुलांसाठीं रिट्लेसिटिनिबला जून २०२३ मध्यें. बॅरिसिटिनिबच्या दोन मोठ्या चाचण्यांत, मोठी मात्रा घेणाऱ्या शंभरांपैकीं ३६ ते ३९ जणांचें डोकें ३६ आठवड्यांत बहुतांशीं केसांनीं झांकलें गेलें. दिसावयास तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हें भाग्य शंभरांत तिघां ते सहांना लाभलें. तीव्र रोगांत निसर्गाचा वांटा किती घटतो, तें या दुसऱ्या आंकड्यावरून दिसतें. म्हणजे गोळ्यांचा गुण खरा आहे, पण तीनांतील एकास, दोघांस तेवढा नाहीं. आणि गोळी थांबविली कीं बहुतेकांचे केस पुनः जातात.

किंमतीची कथा मोठी विचित्र आहे. रिट्लेसिटिनिब अमेरिकेंत बाजारांत आलें तेव्हां त्याची जाहीर किंमत वर्षाला ४९,००० डॉलर होती. याउलट बॅरिसिटिनिबच्या बाबतींत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेंत, मे २०२१ मध्यें मूळ कंपनी एली लिली हिनें सिप्ला, लुपिन, सन फार्मा इत्यादि भारतीय कंपन्यांना तें बनविण्याचे परवाने दिले. ते परवाने कोरोनासाठीं होते, केसांसाठीं नव्हे. टोफासिटिनिब हें त्याच जातीचें, सांधेदुखीसाठीं मान्य झालेलें औषध भारतांत अनेक कंपन्या बनवितात, आणि चाईसाठीं रीतसर मान्यता नसतांही तज्ज्ञ तें विचारपूर्वक देतात. एकाच द्रव्याच्या दोन कंपन्यांच्या किंमतींत कित्येक पटींचा फरक आढळतो. तेव्हां चिठ्ठीवर द्रव्याचें मूळ नांव लिहून मागण्यांत संकोच करूं नये, व जनऔषधी केंद्रांत एकदां विचारून पाहावें. परंतु गोळीची किंमत म्हणजे उपचाराची किंमत नव्हे. या गोळ्या शरीराचा पहारा ढिला करतात. आपल्या देशांत क्षयाचे जंतु कित्येकांच्या छातींत निजलेले असतात. म्हणून आधीं क्षयाची तपासणी, मग रक्ताच्या, यकृताच्या, चरबीच्या तपासण्या वारंवार. रक्तांत गुठळी होण्याचा धोकाही नजरेपुढें ठेवावा लागतो. एका महिन्याची गोळी, तिला बारानें गुणावें, मग जितकीं वर्षें केस हवेत तितक्या वर्षांनीं गुणावें, त्यांत तपासण्या व प्रवास मिळवावा. ही बेरीज झेपत नसेल तर सुरुवातच करूं नये असें मी म्हणत नाहीं. पण सहा महिन्यांनीं पैसे संपले म्हणून औषध सोडणें आणि आलेले केस पुनः जातांना पाहणें, हें दुःख पहिल्यापेक्षां मोठें असतें असें एका रोग्यानेंच मला सांगितलें.

विमा येथें फारसा उपयोगी पडत नाहीं. बहुतेक आरोग्यविमे रुग्णालयांत दाखल झालेल्यांसाठीं असतात, आणि सौंदर्यासाठीं केलेले उपचार करारांतच वगळलेले असतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही मुख्यतः दाखल रोग्यांच्या ठरलेल्या उपचारांसाठीं आहे. केशरोपणाकडे तर सरकारही चैन म्हणूनच पाहतें : वैद्यकीय सेवांना वस्तु व सेवा करांतून जी सूट आहे तींतून केशरोपण, जन्मजात व्यंग किंवा अपघात यांचें कारण नसेल तर, वगळलेलें आहे. शिवाय चाईवर केशरोपण हा उपायच नव्हे. जागा तीच आणि वेढा घालणाऱ्या पेशी त्याच, त्या नवीं रोपें तरी कशाला सोडतील?

हें सारें ऐकून मेव्हणे म्हणाले, "दादा, मग करायचें काय तें सांगा." मीं डॉक्टरीणबाईंना विचारलेले प्रश्न त्यांना सांगितले : कांहींच केलें नाहीं तर काय होईल? केलें तर किती महिन्यांनीं कळेल? आणि थांबविलें तर काय होईल? उत्तरें सरळ होतीं. दोनच लहान चाया आहेत; थांबून पाहिलें तरी चालेल; सुई घेतली तर लौकर येण्याचा संभव; सहा महिन्यांत गुण नाहीं आला तर पुनः विचार करूं. गोळ्यांचा प्रश्न आज उद्भवत नाहीं. ज्या कागदावर या तीन प्रश्नांचीं उत्तरें नसतील त्यावर सही करावयाची नाहीं, इतकें आम्ही ठरविलें, आणि ८५,००० चा कागद त्या दिवशींच सासूबाईंनीं बंबांत घातला. हप्त्यांची सूट त्यांच्या मनाला फार लागली होती, "मालावर सूट समजते, पोरीच्या डोक्यावर कसली सूट?" असें त्या म्हणाल्या.

एवढ्या चर्चेंत जिचें डोकें होतें तिला कोणी विचारलेंच नव्हतें. विचारल्यावर तिनें आम्हां सर्वांपेक्षां व्यवहारी उत्तर दिलें. सुई चालेल, पण बारावीच्या वर्षांत दर आठवड्याला संभाजीनगरची खेप करणार नाहीं. महिन्याला एकदां ठीक. आणि टोप नको. टोप हा शब्द तिला नाटकांतला वाटला. पूर्वींचे स्त्रीभूमिका करणारे नट टोप घालूनच रंगभूमि गाजवीत असत, असें मीं सांगून पाहिलें, पण उपयोग झाला नाहीं. टोप ही वास्तविक वाईट सोय नव्हे. ज्यांचे केस पुष्कळ गेले आहेत त्यांना चांगला टोप वर्षभराच्या औषधापेक्षां स्वस्त व खात्रीचा पडतो, आणि पोटांत तर कांहींच जात नाहीं. कांहींजणी तोही नाकारतात. अमेरिकेच्या लोकसभेंतील एक सदस्या आयना प्रेस्ली यांनीं २०२० सालीं स्वतःचें केशरहित मस्तक सर्व जगापुढें उघडें केलें, आणि त्याच रूपांत त्या सभागृहांत जातात. माझ्या भाचीनें तें छायाचित्र सासूबाईंना, म्हणजे तिच्या आजीला, दाखविलें. आजींनीं तें बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "हिचे यजमान आहेत ना?" आहेत म्हटल्यावर त्यांना बरें वाटलें.

एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत भाचीनें सहा वेळां सुई घेतली. २०२३ पासून एस. टी. मध्यें स्त्रियांना अर्धें भाडें आहे, त्यामुळें मायलेकींच्या प्रवासाला एकाच तिकिटाचे पैसे पडत. औषधें, रक्ततपासणी, प्रवास, आणि दर खेपेस बसस्थानकासमोर प्यालेला उसाचा रस धरून सगळा खर्च पांच हजारांच्या आंत राहिला. दुकान सोडून मेव्हण्यांना जावें लागलें नाहीं, ही बचत निराळी. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून तिनें एक वही केली होती : दर महिन्याच्या १ तारखेस चाईशेजारीं रुपयाचें नाणें धरून आईनें एक छायाचित्र काढावयाचें आणि माप लिहावयाचें, म्हणजे घरच्यांच्या आशा-निराशेपेक्षां वही काय म्हणते तें पाहतां येतें. कानावरची चाई जुलैमध्यें पांढऱ्या लवेनें भरली. या रोगांत नवे केस प्रथम पांढरे येतात व मागून काळे होतात. सुईनें आले कीं आपसूकच येणार होते, हें सांगतां येणार नाहीं असें डॉक्टरीणबाईंनीं स्वतःच सांगितलें, आणि या एका वाक्यावरून त्यांच्यावरचा माझा विश्वास दुणावला. मानेवरची चाई मात्र होती तेवढीच राहिली.

दिवाळीच्या सुटींत मी पैठणला गेलों तेव्हां मुदतठेव बँकेंत जशीच्या तशी होती, आणि डाव्या कानामागें तिसरी चाई नुकतीच दिसली होती. भाचीनें कपाटांतून वही काढली, नाणें काढलें, आईला मोबाइल दिला. माप घेऊन झाल्यावर तिनें तारीख घातली, आणि वही मिटून भौतिकशास्त्राचें पुस्तक उघडलें.